बाइटचा क्रम आणि पट्टीश्वरम्‌चे दीक्षित

आजचा भाग कर्नल ड्रायव्हरमधल्या डीबग प्रिंटबद्दल आहे, पण आपण जाणार आहोत तमिळनाडूत, कुंभकोणजवळच्या पट्टीश्वरम् या गावी. गाव कशाला, ते पुढे कळेलच.

आधी प्रश्न समजून घेऊ. नेटवर्कचा ड्रायव्हर लिहिताय. पॅकेट ८० नंबरच्या पोर्टवर आलं की तुम्ही प्रिंट-के वापरून पोर्ट छापता. लॉगमध्ये दिसतं २०४८०. पॅकेटमध्ये काहीही बिघडलेलं नाही. ८० म्हणजे हेक्समध्ये ००५०, दोन बाइट, आणि नेटवर्कवर मोठा बाइट आधी येतो. तुमचा इंटेलचा प्रोसेसर लहान बाइट आधी आहे असं धरून वाचतो. त्याला ते ५००० दिसतं, आणि हेक्समधले ५००० म्हणजे आपले २०४८०. बाइट तेच, वाचण्याची दिशा वेगळी.

यातला खरा धोका चुकीच्या आकड्याचा नाही. लॉग पाहून कोणीतरी बरोबर चालणारा ड्रायव्हर 'दुरुस्त' करतो, हा धोका आहे. छापलेला आकडा उलटा दिसला म्हणून मुळातल्या किमतीलाच एक उलटापालट लावली जाते. लॉग छान दिसायला लागतो आणि डिव्हाइस बंद पडतं. मग दोन दिवस हार्डवेअरला शिव्या. म्हणून डीबग प्रिंट ही ड्रायव्हरमधली दुय्यम ओळ आहे असं मी मानत नाही. माणूस निर्णय तिच्यावरून घेतो.

आता पट्टीश्वरम्. कुंभकोणच्या नैऋत्येला सात-आठ किलोमीटरवरचं हे गाव, चोळांची जुनी राजधानी पळैयारै अगदी शेजारी. धेनुपुरीश्वराचं मोठं देऊळ, आणि त्यातल्या दुर्गेला लांबून लोक येतात. याच देवळात गोविंद दीक्षित आणि त्यांच्या पत्नीच्या मूर्ती आहेत. दीक्षित म्हणजे तंजावरच्या नायक राजांचे मंत्री. सोळाव्या शतकाचा शेवट आणि सतराव्याची सुरुवात हा त्यांचा काळ. कुंभकोणच्या महामहम तळ्याभोवती जे सोळा मंडप दिसतात, ते त्यांच्या नावावर आहेत. परंपरा त्यांचं वास्तव्य पट्टीश्वरम्‌लाच सांगते.

आपल्याला त्यांच्या मुलाशी काम आहे. वेंकटमखी. सतराव्या शतकात विजयराघव नायकाच्या कारकिर्दीत त्यांनी 'चतुर्दंडीप्रकाशिका' लिहिली आणि तीत ७२ मेळांची मांडणी केली. मेळ म्हणजे स्वरांचा संच, आपल्याकडे ज्याला थाट म्हणतो त्याच्या जवळचा. सा आणि पा ठरलेले. रे-ग यांच्या सहा जोड्या, ध-नी यांच्या सहा जोड्या, मध्यम दोन. सहा गुणिले सहा गुणिले दोन, ७२. त्या काळी प्रत्यक्ष गायले जाणारे मेळ त्यांनी १९ सांगितले आहेत. बाकीच्या जागा रिकाम्या, पण मांडणीत राखून ठेवलेल्या. रजिस्टर मॅपमध्ये 'राखीव' लिहिलेल्या ओळी पाहिल्या की मला वेंकटमखी आठवतात.

पुढच्या काळात या मेळांना अशी नावं मिळाली की नावातच नंबर साठवलेला आहे. पद्धतीचं नाव कटपयादि. क, ट, प, य या चार अक्षरांची किंमत १, आणि प्रत्येकापासून पुढे मोजत जायचं. ख २, ग ३, च ६, म ५, र २, ध ९, न ० असं. रागाच्या नावातली पहिली दोन अक्षरं घ्यायची. 'मायामालवगौळ' घ्या. मा म्हणजे ५, या म्हणजे १. झाले ५१? नाही. मेळ आहे १५ वा. आकडे उलटे वाचायचे. संस्कृतात याचा नियमच आहे: अंकानां वामतो गतिः, आकडे डावीकडे सरकत जातात. पहिलं अक्षर एककाचं, दुसरं दशकाचं.

जुनी नावं या सांच्यात बसत नव्हती, तर त्यांना पुढे अक्षरं जोडली. कल्याणी होती, ती झाली मेचकल्याणी: मे ५, च ६, उलटवून ६५. शंकराभरणम् झालं धीरशंकराभरणम्: धी ९, र २, म्हणजे २९. तोडीला 'हनुम' लागलं: ह ८, नु ०, मेळ ८. 'मेच' आणि 'धीर' यांना रागाच्या संगीतात काही काम नाही. ती हेडर आहेत. पॅकेटच्या डोक्यावर दोन बाइटचा प्रकार लिहितात तशी.

आणि हेडरचा क्रम चुकला तर?

हे मी कागदावर मोजून पाहिलं आहे, तुम्हीही पाहा, दहा मिनिटांचं काम आहे. १ ते ७२ हे आकडे दोन अंकी लिहा आणि प्रत्येक उलटा करा. १८ आकडे ७२ च्या पलीकडे जातात. २९ चे ९२ होतात. असा मेळच नाही, म्हणून चूक लगेच पकडली जाते. ११, २२, ३३ असे ६ आकडे उलटले तरी तेच राहतात. उरले ४८. त्यांची उलटी किंमतही वैध आहे, फक्त ती दुसऱ्याच मेळाची आहे. म्हणजे दर तीन मेळांमागे दोन ठिकाणी उलटं वाचणाऱ्याला आपण चुकलो हे कळणारच नाही.

यातलं एक उदाहरण आपल्या कानाचं आहे. १९०४ साली मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे दक्षिणेत गेले, एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितांना भेटले आणि चतुर्दंडीप्रकाशिकेची प्रत मिळवून आले. पुढे त्यांनी हिंदुस्थानी रागांसाठी जे दहा थाट मांडले, ते दहाही या ७२ मध्ये सापडतात. भैरव थाट म्हणजे मायामालवगौळ, मेळ १५. त्याला उलटं वाचा: ५१. मेळ ५१ कामवर्धिनी, आणि तो आपला पूर्वी थाट. पहाटेच्या भैरवाची जागा संध्याकाळच्या पूर्वीने घेतली. आणि दोघांत फरक किती? फक्त मध्यमाचा. भैरवात शुद्ध, पूर्वीत तीव्र. रे, ग, ध, नी सगळे तेच. कारण ३६ नंतरचे मेळ म्हणजे पहिल्या ३६ चीच आवृत्ती, केवळ मध्यम बदलून, आणि १५ अधिक ३६ नेमके ५१. योगायोग आहे, पण बोधप्रद योगायोग आहे. दहा थाटांपैकी बिलावल, खमाज आणि भैरवी उलटले की हद्दीबाहेर जातात. काफी २२ वा, त्याला फरक पडत नाही. उरलेले सहा थाट मुकाट दुसऱ्या मेळात जाऊन बसतात.

ड्रायव्हरमध्ये हुबेहूब हेच तीन प्रकार दिसतात. आयपी पॅकेटचा इथरनेट प्रकार ०८००, तो लॉगमध्ये ०००८ दिसला की सरावलेला माणूस क्षणात ओळखतो. हा आपला बिलावल. लांबी २५७ असेल तर हेक्समध्ये ०१०१, दोन्हीकडून सारखी, चूक लपून राहते, हा काफी. आणि १०.०.०.१ हा पत्ता १.०.०.१० छापला गेला तर तोही रीतसर पत्ता आहे. किंवा २५६ बाइटची लांबी १ दिसते. वाचणारा म्हणतो, बरं, एकच बाइट आला. हा भैरव-पूर्वी. माणसाचे दिवस खाणारा हाच.

आता प्रश्न येतो की एककापासून सुरुवात करायची ही खोड कुणाला का लागावी. मला ती खोड वाटत नाही. एककापासून सुरुवात केली की प्रत्येक अंक उच्चारताक्षणी त्याची जागा ठरते: पहिला एकक, दुसरा दशक, तिसरा शतक. आकडा किती लांब आहे हे आधी माहीत असावं लागत नाही. श्लोकात वर्षं किंवा दिवस गुंफणाऱ्याला ही मोठी सोय. शिवाय बेरीज आपण सगळे उजवीकडूनच करतो.

इंटेलच्या क्रमामागेही हीच बेरीज आहे. १९७० च्या सुमाराला डेटापॉइंट २२०० नावाचं यंत्र आलं. त्याचा प्रोसेसर एका वेळी एकच बिट हाताळायचा. हातचा पुढे न्यायचा तर लहान भाग आधी मिळायला हवा, म्हणून मेमरीत लहान बाइट आधी. त्या यंत्रासाठी आखलेल्या रचनेतून इंटेलचा ८००८ निघाला, १९७२ साली. त्याच्या मागोमाग ८०८०, १९७८ चा ८०८६, मग ३८६. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स लिहायला घेतलं ते याच ३८६ वर. एकेक बिट मोजणारं ते यंत्र केव्हाच अडगळीत गेलं, त्याचा क्रम मात्र आज तुमच्या लॅपटॉपमध्ये आहे.

दुसऱ्या बाजूला आयबीएमची मोठी यंत्रं, मोटोरोलाचा ६८०००, सन कंपनीचा स्पार्क हे मोठा बाइट आधी ठेवणारे. या दोन पक्षांना नावं मिळाली डॅनी कोहेन यांच्या लेखातून. लेखावरची तारीख १ एप्रिल १९८०, नाव 'ऑन होली वॉर्स अँड अ प्ली फॉर पीस'. स्विफ्टच्या १७२६ मधल्या गलिव्हरच्या कथेत अंडं मोठ्या टोकाकडून फोडायचं की लहान, यावरून युद्ध होतं. तिथून बिग एंडियन आणि लिटल एंडियन. तारीख एप्रिल फूलची असली तरी लेखातला युक्तिवाद पक्का आहे: दोन्हीपैकी कुठलाही क्रम चालेल, पण एकमत हवं.

तिसरा पक्षही आहे, आणि तो आपला, मराठी लोकांचा. यासाठी पुन्हा कावेरीकाठी जावं लागेल.

१६७० च्या दशकाच्या मध्यावर व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं आणि १८५५ पर्यंत तिथे भोसल्यांचं घराणं राहिलं. याच घराण्यातल्या तुळजाराजांनी अठराव्या शतकात 'संगीतसारामृत' लिहिलं आणि त्यात वेंकटमखींची मेळांची चौकट पुढे चालवली. दरबारचे हिशेब मोडीत असायचे, तो कागदांचा ढीग आजही तंजावरात आहे. म्हणजे कुंभकोणच्या परिसरात त्या काळी तीन प्रकारे आकडे बोलले जात. तमिळ माणूस पंचवीसला म्हणतो इरुपत्तैंदु: आधी वीस, मग पाच. सरळ बिग एंडियन. संस्कृत पंडित श्लोकात आधी पाच सांगणार, मग दोन. लिटल एंडियन. आणि मराठी कारकून?

बृहदीश्वराच्या देवळात सरफोजीराजांनी भोसले वंशाचा प्रचंड मराठी शिलालेख कोरवला, सन १८०३, शके १७२५. हा शक तोंडाने म्हणून पाहा: सतराशे पंचवीस. सतरा म्हणजे सात आधी, मग दहा. पंचवीस म्हणजे पाच आधी, मग वीस. आपण उच्चारला क्रम: ७, १, ५, २. जोडीच्या आत लहान आधी, पण जोड्यांमध्ये मोठी आधी. पीडीपी-११ या यंत्रावर, जिथे युनिक्स वाढलं, ३२ बिटांचा आकडा अगदी असाच ठेवला जायचा. १२३४५६७८ हा हेक्स आकडा मेमरीत दिसे ३४ १२ ७८ ५६. संगणकवाले याला चेष्टेने मिडल एंडियन म्हणतात. आपण ते रोज बाजारात बोलतो. युनिक्स दुसऱ्या यंत्रावर नेताना पडद्यावर यू-एन-आय-एक्सच्या जागी एन-यू-एक्स-आय उमटलं असा किस्सा सांगतात, तो या जोडीतल्या अदलाबदलीचाच.

मग तंजावरच्या दरबारात गोंधळ का झाला नाही? कारण कारकून आकडा ऐकताना उलटवत असे, वहीत मात्र एकच रीत. तोंडी 'पंचवीस' ऐकलं तरी हात २ आधी लिहिणार. उलटापालट फक्त कानापासून हातापर्यंतच्या वाटेवर, आणि तिथेच एकदा. वहीच्या आत दोन रीती चालल्या असत्या तर जमाबंदी बुडाली असती. जुन्या तमिळ अंकलेखनाची युक्ती तर आणखी निराळी: दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हं, पंचवीस लिहायचे तर दोन-दहा-पाच. आकडा स्वतःच आपली जागा सांगतो.

लिनक्स कर्नलने या दोन्ही युक्त्या घेतल्या आहेत, म्हणजे आपापल्या वाटेने तिथे पोचलं आहे. पहिली, कारकुनाची. डिव्हाइसकडून आलेली ३२ बिटांची किंमत साध्या यू-३२ प्रकारात ठेवत नाहीत. एलई-३२ किंवा बीई-३२ असा प्रकार देतात. पीसीआय, यूएसबी, एनव्हीएमई ही मंडळी लिटल. नेटवर्क आणि स्कझीच्या आज्ञा बिग. सीमेवर एलई-३२-टू-सीपीयू असं एकदा म्हणायचं, आणि आत आलं की सगळे आकडे प्रोसेसरच्या रीतीचे. सी कंपायलरला या प्रकारांत फरक दिसत नाही, त्याच्या लेखी सगळे ३२ बिटच. म्हणून टोरवाल्ड्सनेच २००३ मध्ये सुरू केलेलं स्पार्स हे तपासनीस अवजार चालवायचं. ते एलई आणि साध्या किमतीची भेसळ दाखवून देतं.

इंटेलवर एलई-३२-टू-सीपीयू काहीच करत नाही. लिहायचं विसरलात तरी सगळं चालतं, लॉगसुद्धा बरोबर. तोच ड्रायव्हर आयबीएमच्या एस-३९० वर गेला की फुटतो. 'माझ्या मशीनवर चालतं' हा काफी थाटाचा पुरावा आहे, तो घेऊ नका.

प्रिंट करताना रूपांतर प्रिंटच्या कंसात करा: किंमत तशीच ठेवायची, रूपांतरित प्रत छापायची. मूळ चल जागच्या जागी उलटवून छापणारा कोड मी फार पाहिला आहे. डीबग चालू असेपर्यंत एक वागणं, बंद केलं की दुसरं. असला दोष शोधणं म्हणजे शिक्षा.

दुसरी युक्ती तमिळ लेखनासारखी, क्रम सांगणाऱ्या खुणेची. प्रिंट-केला पर्सेंट-एक्स देण्याऐवजी पर्सेंट-पी-आय-४ दिलं आणि पत्त्याचा पॉइंटर दिला, तर तो आयपी पत्ता म्हणून नेटवर्कच्या क्रमाने छापतो; मागे एच जोडलं की यंत्राच्या क्रमाने, एल जोडलं की लिटल. मॅक पत्त्याला पर्सेंट-पी-एम आहे, आणि ब्लूटूथचा पत्ता उलटा साठवतात म्हणून मागे आर लावलेलं रूपही. सगळ्यात प्रामाणिक म्हणाल तर पर्सेंट-तारका-पी-एच: बाइट मेमरीत ज्या क्रमाने आहेत त्या क्रमाने, काहीही अर्थ न लावता. शंका आली की मी आधी हेच छापतो. प्रिंट-हेक्स-डंप मात्र जपून वापरा. त्यात गट एकेका बाइटचा धरला तर मेमरीचा क्रम दिसतो, चार-चारचा धरला तर तेच बाइट यंत्राच्या रीतीने आकडा म्हणून छापले जातात. इंटेलवर प्रत्येक चौकडी आरशात पाहिल्यासारखी. दोन जण एकाच बफरचे दोन डंप घेऊन भांडताना दिसले तर आधी गटाचा आकार विचारा.

उरला अपवादांचा भाग. कटपयादिच्या सर्वसाधारण नियमाप्रमाणे जोडाक्षरात शेवटचं व्यंजन मोजायचं. 'रत्नांगी'त तसंच आहे: र २, त्न मधला न ०, उलटवून २. पण 'चक्रवाक' घ्या. च ६, क्र मधला र धरला तर २, उलटवून २६. मेळ २६ आहे चारुकेशी! चक्रवाक आहे १६ वा; तिथे क्र मधला क मोजायचा असतो. दिव्यमणी, विश्वंभरी यांचंही तसंच. एकाच यादीत दोन नियम, आणि कुठे कोणता ते नावावरून कळत नाही. यादी पाठ असावी लागते.

आपल्या जगातला चक्रवाक म्हणजे यूयूआयडी. १६ बाइटची ओळखसंख्या. डिस्कच्या जीपीटी तक्त्यात किंवा यूईएफआयमध्ये तिचे पहिले तीन भाग लिटल एंडियन साठवतात आणि उरलेले आठ बाइट जसेच्या तसे. नेटवर्कच्या मानकात पूर्ण बिग. म्हणून पर्सेंट-पी-यूच्या मागे बी की एल हे तुम्हालाच सांगावं लागतं, आणि चुकलात तर छापलेली ओळख दिसायला तितकीच सुबक असते. स्पेसिफिकेशन उघडून पाहण्याला पर्याय नाही.

तोवर एक करता येतं. नवीन डिव्हाइसशी पहिलं बोलणं करताना ज्याची किंमत आधीच ठाऊक आहे असं रजिस्टर वाचा, बहुतेक चिपमध्ये ओळखीचं एक असतं. स्वतः किंमत लिहून परत वाचायची असेल तर १२३४५६७८ लिहा. शून्य नको, सगळे एफ नकोत, ०१०१ तर नकोच. डिव्हाइस ट्रीच्या फाइलीचे पहिले चार बाइट असेच निवडलेले आहेत: डी-०, ०-डी, एफ-ई, ई-डी. ते बिग एंडियन असतात. इंटेलवर सरळ वाचलेत आणि लॉगमध्ये ई-डीने सुरुवात झाली, तर फाइलीला हात लावू नका, प्रिंटची ओळ बघा.